तरातूर, तूम, सहावक : घरच्या घरी करता येणारे साधे अरबी सॉस

तिळवण :
शावर्मा आणि फलाफल आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. लहान गावांतही त्यांच्या गाड्या लागतात. मात्र त्यांच्याबरोबर जे पांढरे पातळ मिळते ते बहुतेक ठिकाणी बाटलीतले मेयॉनेज असते, आणि लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन किंवा येमेनमधल्या घरांत त्या जागी जे वाढले जाते त्याच्याशी त्याचे फारसे नाते नसते. तिथले नेहमीचे सॉस चार-पाच जिनसांचे असतात आणि त्यांतील बरेचसे विस्तवावर चढतही नाहीत. माझ्या मते त्यांचे सगळे कसब क्रमात आहे : पाणी कधी घालायचे, आंबट कधी घालायचे आणि तेल कोणत्या वेगाने घालायचे. जिन्नस इतके मोजके असताना क्रम चुकला तर तो मसाल्याखाली झाकता येत नाही. म्हणून या धाग्यात केवळ साहित्याची यादी न देता प्रत्येक पायरीमागचे कारणही सांगावे, अशी विनंती आहे.

सुरुवात तरातूरपासून करते. सोललेल्या तिळांच्या ताहिनीत, म्हणजे तिळाच्या तेलकट वाटणात, लिंबू, लसूण, मीठ आणि पाणी मिसळून हा सॉस होतो. फलाफलवर तो हवाच. लेबनॉनच्या किनाऱ्यावर सियादिया या मासे-भाताबरोबरही तो हमखास वाढतात. अर्धा कप ताहिनीला पाव कप लिंबाचा रस, लसणाच्या एक-दोन पाकळ्या, अर्धा छोटा चमचा मीठ आणि साधारण अर्धा कप गार पाणी लागते.

लसूण मिठाबरोबर ठेचून आधी लिंबाच्या रसात टाकावा आणि दहा मिनिटे तसाच ठेवावा. लसूण चिरडला की त्यातील अलिनेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि त्यातून अलिसिन हा झणझणीत पदार्थ तयार होतो. आंबट रसात ते विकर मंदावते, त्यामुळे लसणाची चव राहते पण जीभ भाजत नाही. ठेचून तासभर ठेवलेला लसूण शेवटी घातला तर हा लाभ मिळत नाही. त्यानंतर ताहिनी घालावी. मिश्रण एकदम घट्ट आणि गुठळ्यांचे होते, आणि नवखा माणूस नेमका इथे घाबरून तेल ओततो. तसे करू नये. ताहिनी म्हणजे तेलात तरंगणारे तिळाचे बारीक कण. थोडासा ओलावा मिळाला की ते कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी मिळाले की ते सुटतात, तेलाचे थेंब पाण्यात विखुरतात आणि रंग तपकिरीकडून जवळजवळ पांढऱ्याकडे वळतो. पाणी चमच्या-चमच्याने घालून फेटत राहणे, एवढेच काम असते. गार पाण्याने सॉस हलका होतो असे तिकडचे स्वयंपाकी सांगतात, आणि करून पाहिल्यावर ते पटते.

साय-साखर :
तिळवणताई, माहिती उपयुक्त आहे, परंतु विकतची ताहिनी आमच्या गावात मिळत नाही आणि मागवली तर महाग पडते. घरी तीळ भाजून मिक्सरमध्ये वाटले की ती कडवट होते आणि रंगही काळपट येतो. तिळकुटासाठी भाजतो तसेच तीळ मी भाजते. यात नेमके काय बदलावे?

तिळवण :
साय-साखर, तुमच्या प्रश्नात दोन कारणे दडलेली आहेत. पहिले कारण साल. गावठी तीळ सालीसकट असतात आणि कडवटपणा मुख्यतः त्या सालीत असतो. लेव्हांतमधल्या, म्हणजे लेबनॉन-सीरिया-पॅलेस्टाईनच्या पट्ट्यातल्या, जुन्या पद्धतीत तीळ भिजवून, हलके चेचून साल सैल करतात आणि मग मिठाच्या पाण्यात टाकतात. साल तळाशी बसते आणि गर वर तरंगतो, तो काढून घेतात. घरी हा व्याप करण्याची गरज नाही. वाण्याकडे सोललेले, पॉलिश केलेले पांढरे तीळ मिळतात, तेच आणावेत.

दुसरे कारण भाजणी. तिळकुटाला खमंगपणा हवा असतो, म्हणून आपण तीळ बदामी होईपर्यंत भाजतो. ताहिनीसाठी मंद आचेवर ते केवळ कोरडे आणि गरम व्हावेत, रंग जेमतेम बदलावा. पूर्ण निवल्यावर लहान भांड्यात वाटावेत. आधी कूट होईल, मग गोळा होईल, मग कडा तेलकट दिसू लागतील. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते, ते सुटायला वेळ लागतो, म्हणून मिक्सर थांबवून थांबवून चालवावा. एक वाटी तिळाला दोन-तीन मोठे चमचे सौम्य वासाचे तेल पुरते. भाजलेल्या तिळाचे चिनी पद्धतीचे गडद तेल मात्र वापरू नये, त्याचा वास सगळे झाकून टाकतो. घरची ताहिनी गिरणीतल्या दगडी जात्यावरच्या ताहिनीइतकी गुळगुळीत होत नाही, हे आधीच मान्य करावे. तरातूरला ती चालते, हुमुसमध्ये, म्हणजे काबुली चण्याच्या वाटणात, किंचित रवाळ लागते.

गाझामध्ये मात्र जास्त भाजलेल्या तिळांची लालसर ताहिनीही प्रसिद्ध आहे. त्यामुळे तुमची गडद ताहिनी अगदीच परकी नाही. तिचा कडवटपणा तेवढा घालवायचा आहे.

शारजाकर :
आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला ग्रिल केलेल्या कोंबडीबरोबर मिळणारा लसणाचा शुभ्र सॉस ओळखीचा असतो. त्याचे नाव तूम. तो लेबनॉन-सीरियाकडचा. त्यात अंडे नसते, दूध नसते, दही नसते : लसूण, तेल, लिंबू आणि मीठ. घरी असा केलेला तूम अंडे न खाणाऱ्यांनाही निर्धास्तपणे खाता येतो, आणि हे ऐकून आमच्याकडे येणारे पाहुणे चकित होतात.

अर्धा कप सोललेल्या लसणाला एक छोटा चमचा मीठ, तीन मोठे चमचे लिंबाचा रस आणि दीड कप तेल लागते. तेल सूर्यफुलाचे किंवा तत्सम बेचव असावे. उत्तम प्रतीचे ऑलिव्ह तेल इथे वाया जाते, कारण वेगाने फिरणाऱ्या पात्यांखाली ते कडू होते. ते हुमुसवर वरून ओतण्यासाठी राखून ठेवावे. प्रत्येक पाकळी उभी चिरून मधला हिरवा कोंब काढून टाकावा. काम कंटाळवाणे आहे, पण जुना लसूण असेल तर त्या कोंबाचा उग्रपणा दुसऱ्या दिवशी स्पष्ट जाणवतो. बाजारात ऊटीचा म्हणून मोठ्या पाकळ्यांचा लसूण मिळतो, तो घेतला तर सोलण्याचे श्रम निम्म्याने कमी होतात.

आधी लसूण आणि मीठ एवढेच वाटावे, कडा खरवडून पुन्हा वाटावे, एकही कण राहू नये. मग चमचाभर लिंबाचा रस. त्यानंतर यंत्र चालू ठेवून तेल अगदी बारीक धारेने सोडावे, सुरुवातीला तर थेंबाथेंबाने. पाव भाग तेल गेले की थोडा रस, पुन्हा तेल, पुन्हा रस. लसणात तेल-पाणी बांधून ठेवण्याची शक्ती असते, परंतु अंड्याच्या बलकाच्या मानाने ती तोकडी असते. म्हणून मेयॉनेजला चालणारी घाई तूमला चालत नाही. नीट जमले तर ते लोण्यासारखे उभे राहते.

फोडणी :
शारजाकर, आपल्या मिक्सरच्या भांड्यात हे कसे साधावे? चटणीच्या भांड्याच्या झाकणाला भोक नसते, आणि मोठ्या भांड्यात अर्धा कप लसूण पात्यांच्या खालीच फिरत राहतो. मी केलेल्या प्रयत्नात शेवटी तेल वेगळे आणि लसूण वेगळा झाला. असे फुटलेले मिश्रण वाचवता येते का?

शारजाकर :
वाचवता येते. फुटलेले मिश्रण एका भांड्यात काढून थंड होऊ द्यावे. यंत्राचे भांडे पुसून कोरडे करावे, त्यात लसणाच्या पाच-सहा नव्या पाकळ्या मिठाबरोबर वाटून चमचाभर लिंबाचा रस घालावा, आणि ते फुटलेले मिश्रण जणू तेलच आहे असे समजून बारीक धारेने त्यात सोडावे. पुष्कळ उपाहारगृहांत या वेळी अंड्याचा पांढरा भाग किंवा शिजवलेल्या कॉर्नफ्लोअरची खळ घालतात. काही घरांत उकडलेला बटाटा घालतात. त्याने सॉस सौम्य आणि भरीव होतो, पण मूळ तूमची हलकी फुगीर घडण राहत नाही. मला बटाट्याचा प्रकार आवडत नाही, तरी लहान मुलांसाठी तो सोयीचा आहे.

मिक्सरचे म्हणाल तर आपल्या यंत्रांचा वेग फार आणि उष्णताही फार, आणि गरम झालेले मिश्रण लवकर फुटते. तेल आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि यंत्राला विश्रांती द्यावी. उभ्या दांड्याचा हॅण्ड ब्लेंडर अरुंद, उंच भांड्यात वापरला तर थोड्या प्रमाणातही काम होते. खलबत्त्यातही होते, मूळ पद्धत तीच. फक्त हात भरून येतो.

प्रयोगशाळा :
साठवणीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. तेलात बुडवलेला कच्चा लसूण खोलीच्या तापमानात ठेवणे धोक्याचे असते, कारण तिथे हवा पोहोचत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू अशाच जागी विष तयार करतो. लिंबाच्या आंबटपणामुळे धोका कमी होतो, नाहीसा होतो असे मानू नये. तूम केल्याबरोबर फ्रिजमध्ये जावे आणि आठवडाभरात संपावे. टिकते म्हणून महिनाभर ठेवणारेही असतात, पण घरी ताजे करता येत असताना तो हट्ट कशाला?

शावर्म्याबरोबरच्या मेयॉनेजचा उल्लेख वर आला आहे, त्यातील धोका मात्र वेगळा आहे. कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला पसरू शकतो. केरळने 2023 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयॉनेजवर बंदी घातली, तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये. घरच्या तूम किंवा तरातूर यांत अंडेच नसल्याने तो प्रश्न उद्भवत नाही.

आणखी एक : लिंबाच्या संपर्कात लसूण कधीकधी निळसर किंवा हिरवट होतो. ती रासायनिक प्रक्रिया निरुपद्रवी आहे. सॉस फेकून देऊ नये.

मराठवाडी-चव :
धागा लेव्हांतमध्येच रमला आहे, म्हणून येमेनकडे वळतो. निजामाच्या सैन्यात हद्रमौतहून आलेल्या अरबांचे वंशज हैदराबादच्या बारकस भागात आहेत आणि आमच्या मराठवाड्यातील चाऊस मंडळींचे मूळही तिकडेच आहे. बारकसची मंदी, म्हणजे मांस-भाताचा पदार्थ, आता सर्वांना ठाऊक झाली आहे, परंतु येमेनमध्ये जेवणाच्या पंगतीत जे असतेच असते ते सहावक मात्र इकडे क्वचित दिसते.

आठ-दहा हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची एक जुडी, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, एक छोटा चमचा जिरे, दोन वेलदोड्यांचे दाणे आणि मीठ. दगडावर आधी जिरे, वेलदोडा आणि मीठ कोरडेच रगडावेत, मग लसूण, मग मिरची आणि सर्वांत शेवटी कोथिंबीर. कोथिंबीर आधी घातली की पाणी सुटते आणि जिरे नुसतेच घसरत राहतात, वाटले जात नाहीत. हवा असेल तर एक टोमॅटो अखेरीस चेचून घालावा. येमेनमध्ये टोमॅटोचे सहावक रोजच्या जेवणात सर्रास असते, आणि पांढऱ्या चीजबरोबर वाटलेला एक प्रकारही लोकप्रिय आहे. येमेनी यहुद्यांनी हाच सॉस इस्राएलमध्ये नेला, तिथे तो झुग या नावाने चालतो.

सहावकाचा जोडीदार हुल्बा. मेथीची बारीक पूड दोन मोठे चमचे घ्यावी आणि भरपूर पाण्यात पाच-सहा तास भिजवावी. वरचे पाणी अलगद ओतून टाकावे. बराचसा कडूपणा त्या पाण्याबरोबर जातो. तळाशी राहिलेला लगदा हाताने किंवा फेटणीने फेटत राहावे. मेथीत डिंकासारखा पदार्थ असतो, तो हवा धरून ठेवतो आणि पिवळा लगदा हळूहळू फिकट, फेसाळ आणि दुप्पट-तिप्पट होतो. फेस आल्यावर लिंबाचा रस आणि चमचाभर सहावक मिसळावे. सल्ता हा येमेनचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो. दगडी भांड्यात उकळत आलेल्या त्या रश्श्यावर हा फेस घालतात आणि रोटीने टिपून खातात. आपल्या घरात मेथीदाणे असतातच, तरी मेथीचे हे रूप आपल्याला सुचलेले नाही याचे मला नवल वाटते.

फोडणी :
मराठवाडी-चव, राग मानू नका, पण सहावक म्हणजे आपला ठेचाच नव्हे का? वेलदोडा सोडला तर मला फरक दिसत नाही.

मराठवाडी-चव :
राग कशाचा? दोघांचे कूळ एक वाटावे इतके साम्य आहे. तरीही ठेच्याची मिरची तव्यावर तेलात परतलेली असते, त्यात शेंगदाणेही येतात आणि तो भाकरीच्या कोपऱ्यावर चिमूटभर घेतात. सहावकातील मिरची कच्ची असते, कोथिंबीर मिरचीच्या बरोबरीने किंवा अधिक असते आणि वेलदोड्याचा सुगंध शेवटी येतो. ते पातळसर असते, रोटी त्यात बुडवतात. वेलदोडा आणि कोथिंबिरीचे प्रमाण सांभाळले नाही तर मात्र तुम्ही म्हणता तसा तो ठेचाच होईल.

तिळवण :
आखातातील दक्कूसही इथे नोंदवते. कुवेत, बहरीन आणि सौदीच्या पूर्व भागात मजबूस या भाताबरोबर तो असतो. तेलात लसूण सोनेरी करावा, त्यावर बारीक चिरलेले टोमॅटो, हिरवी मिरची आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत शिजवावे. हवे असल्यास वाळवलेल्या काळ्या लिंबाची, म्हणजे लूमीची, चिमूटभर पूड. इथेही लसूण टोमॅटोच्या आधीच तेलात गेला पाहिजे, कारण टोमॅटोच्या पाण्यात तो नुसता उकडतो. एवढेच.

लाल मिरचीचे म्हणाल तर पॅलेस्टाईनमध्ये शत्ता करतात आणि ट्युनिशियात हरिसा. शत्त्यासाठी ताज्या लाल मिरच्या जाडसर वाटून, मीठ लावून रात्रभर चाळणीत निथळत ठेवतात. पाणी गेल्यावर लिंबाचा रस मिसळून बरणीत भरतात आणि वर तेलाचा थर देतात. हरिसा सुक्या मिरच्यांचा : त्या भिजवून, पिळून, लसूण, धने, शहाजिरे, मीठ आणि ऑलिव्ह तेलाबरोबर वाटतात. ट्युनिशियाच्या हरिसाची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2022 मध्ये झाली. आपल्याकडे करायचा झाल्यास ब्याडगी मिरची रंगासाठी उत्तम, आणि तिखटपणासाठी तिच्यात थोडी संकेश्वरी मिसळावी. शहाजिऱ्याऐवजी साधे जिरे घातले तर ती बरी चटणी होते, हरिसा होत नाही.

गाझाचा आणखी एक प्रकार मला फार आवडतो. झिब्दिया नावाच्या मातीच्या खरबरीत वाडग्यात लाकडी मुसळीने मीठ, लसूण आणि हिरवी मिरची चेचतात, त्यात टोमॅटो आणि ताजा शेपू चेचून वर ऑलिव्ह तेल घालतात. त्याला दग्गा म्हणतात. आपल्याकडे शेपूला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे एकदा जरूर खाऊन पाहावे.

कैरी-पन्हे :
अरबी सॉसची चर्चा चालली असताना इराकचा अंबा राहू नये. बगदादच्या डेव्हिड ससून यांचे घराणे 1830 च्या दशकात मुंबईत स्थिरावले आणि बगदादी व्यापाऱ्यांची इथून बसऱ्याकडे ये-जा वाढली. इथल्या कैरीचे लोणचे त्याच वाटेने इराकला पोहोचले असे मानले जाते. तिथे ते तेलाविना, पातळ आणि पिवळेजर्द झाले. बगदादमध्ये ते तळलेले वांगे, उकडलेले अंडे आणि सामून नावाच्या पावाबरोबर खातात; हिजाझमध्ये, म्हणजे सौदीच्या पश्चिम भागातही, ते लोकप्रिय आहे.

घरी करण्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून चार-पाच दिवस उन्हात ठेवाव्यात आणि रोज हलवाव्यात. सुटलेले पाणी फेकू नये. त्या पाण्यात हळद, भाजलेल्या मेथीची पूड, लाल तिखट, थोडे जिरे आणि व्हिनेगर घालून फोडी मऊ होईपर्यंत शिजवाव्यात आणि थंड झाल्यावर निम्म्या फोडी वाटाव्यात. मेथी भाजताना हात आखडता घ्यावा, कारण ती काळी झाली की सगळे कडू होते. फोडणी आणि मोहरीचे तेल यांचा मोह टाळावा. ते घातले की ते पुन्हा आपले लोणचे होते.

साय-साखर :
सर्वांचे आभार. पॉलिश केलेले तीळ आणून ताहिनी केली, कडवटपणा गेला. शनिवारी दहा-बारा माणसे जेवायला येणार आहेत. फलाफल, कोंबडी आणि भात असा बेत आहे. यांतील कोणते सॉस आदल्या दिवशी करून ठेवता येतील?

तिळवण :
तूम आणि दक्कूस आदल्या दिवशी करावेत. तूमचा उग्रपणा रात्रभरात थोडा उतरतो. हुल्बा करणार असाल तर मेथीची पूड आदल्या रात्री भिजत घालावी आणि जेवणाआधी अर्धा तास फेटावी, कारण फेस फार वेळ टिकत नाही. सहावक त्याच दिवशी सकाळी, नाहीतर कोथिंबीर काळवंडते. तरातूर आधी केला तरी चालतो, मात्र फ्रिजमध्ये तो घट्ट होतो. वाढण्यापूर्वी एक-दोन चमचे पाणी घालून पुन्हा फेटावा आणि मीठ-लिंबू चाखून पाहावे. अर्धा कप ताहिनीचा तरातूर पाच-सहा जणांना पुरतो, तेव्हा तुम्ही दुप्पट करावा.